जुनं ५.९ लिटरचं टर्बो डिझेल घ्यावं का? आधी त्याचा होज खोलून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात चिऱ्याची खाण आणि मध्ये मध्ये शेतजमीन सपाटीकरण, या कामाला एक जुनं पोकलेन बघून ठेवलंय. मशीन हुक्केरीकडं खडी क्रशरवर चालत होतं. आत कमिन्सचं ६बीटी इंजिन, सहा सिलिंडर, ५.९ लिटर, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर जास्तीची हवा आत दाबणारा पंखा). मीटरवर साडेसात हजार तास. विकणारा म्हणतो, हे इंजिन मरत नाही. घरी काकांचं म्हणणं, जुना टर्बो म्हणजे रोजचा दवाखाना. तर भरवसा ठेवायचा का, की त्यापेक्षा चाकांचं नवीन मशीन घ्यावं?

बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, मी तीस वर्षांहून जास्त काळ डिझेल इंजिनं उघडतोय. इंजिनाबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती क्रशरबद्दल. या इंजिनाला काम मारत नाही, धूळ मारते. त्यामुळे साडेसात हजार तास झाले हे ऐकून मी दचकत नाही, ते कुठे झाले हे ऐकून दचकतो.

इंजिनाचं कूळ चांगलं आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत कमिन्स आणि केस या दोन कंपन्यांनी मिळून ते काढलं. केस म्हणजे ट्रॅक्टर आणि मातीकामाची मशीनं करणारी कंपनी. म्हणजे रान, चिखल, खाण हे याच्या जन्मापासूनचं काम आहे. आपल्याकडे १९९३ मध्ये टाटा आणि कमिन्स यांची भागीदारी झाली, जमशेदपूरला कारखाना निघाला आणि हीच इंजिनं टाटाच्या ट्रकांत सर्रास दिसायला लागली. आज निपाणीत किंवा बेळगावात याचा पिस्टन, रिंग, बेरिंग, गॅसकेट मागितलं की दुकानदार मान वर न करता फळीवरून काढून देतो, त्याचं कारण हेच. पावसाळ्याच्या तोंडावर काम उभं असताना पार्ट त्याच दिवशी मिळणं याला मी भरवशाचा अर्धा भाग समजतो.

एक मात्र सांभाळा. टायमिंग गिअरच्या हाउसिंगवर पत्र्याची एक पाटी असते. तिच्यावर सीपीएल म्हणून एक नंबर असतो. पिस्टन कुठला, टर्बो कुठला, पंपाचं सेटिंग कुठलं, हे त्या नंबरावर ठरतं. बाहेरून ट्रकचं आणि पोकलेनचं इंजिन सारखंच दिसतं, पण ट्रकचा टर्बो पोकलेनला बसला म्हणून चालेलच असं नाही. पाटी नसेल किंवा रंगाखाली गेली असेल तर आधी ती खरडून फोटो काढा, मगच पुढं बोला.

आता ते टिकतं का, ते सांगतो. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, १०२ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, १२०. एका सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह. कॅमशाफ्ट आणि डिझेल पंप दोन्ही गिअरवर फिरतात, मध्ये पट्टा नाही की साखळी नाही. पंप पूर्ण मेकॅनिकल. एकदा सुरू झालं की स्टॉपच्या सोलेनॉइडपुरती वीज मिळाली तरी दिवसभर चालतं. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स थंड इंजिनावर इनटेकला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.५० मिलिमीटर. फीलर गेज हातात धरता येणारा कुठलाही फिटर हे काम जांबोटीच्या जंगलात झाडाखाली बसून करू शकतो. लॅपटॉप लागत नाही.

या ब्लॉकमध्ये वेगळे लायनर, म्हणजे सिलिंडरमधल्या बदलता येणाऱ्या नळ्या, नसतात; पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतो. याचा फायदा असा, की लायनरच्या खालच्या रिंगा सुटून ऑइलमध्ये पाणी उतरणं हा प्रकारच नाही. तोटा असा, की बोअर गेला तर लायनर उपसून नवा ठोकला आणि संध्याकाळी गाडी सुरू केली, असं होत नाही. पूर्ण ब्लॉक उतरवून बोअरिंगला न्यावा लागतो. अर्धा मिलिमीटर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन बसतो, पुढच्या वेळी एक मिलिमीटर, त्यापुढे स्लीव्ह. बाहेरगावचे लोक याला घाबरतात. आपण बेळगावचे, आपल्याला घाबरायचं कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा आणि १८८८ मध्ये त्यांनी सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात. त्या मातीत फाउंड्री आणि मशीन शॉप मुरलेत. ब्लॉक बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगसाठी पुण्याला जावं लागत नाही, उद्यमबागेतच दोन गल्ल्यांत चार ठिकाणी विचारता येतं.

आता धूळ. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

गणित साधं आहे. ५.९ लिटरचं चार स्ट्रोकचं इंजिन दोन हजार आरपीएमला, टर्बो नसता तरी, मिनिटाला साडेपाच-सहा हजार लिटर हवा ओढतं. टर्बो दाब वाढवतो, तेव्हा लोडवर हा आकडा आठ हजारांच्या पुढं जातो. तासाला पाच लाख लिटर धरा. ही सगळी हवा एका फिल्टरच्या कागदातून आणि एका रबरी नळीतून आत जाते. क्रशरच्या शेजारी उभ्या मशीनभोवती हवा कसली असते, ते तुम्हीच बघितलंय. आमच्याकडचे बरेच ऑपरेटर कन्नड बोलणारे. ते ‘धूळु’ म्हणतात, आपण ‘धूळ’ म्हणतो, शब्दसुद्धा एकच आहे. तरी सगळ्यात जास्त इंजिनं याच एका गोष्टीनं माझ्या बाकावर येतात.

एक मशीन सांगतो. इंजिन दुसरीकडं नुकतंच फुल केलेलं, म्हणजे पूर्ण खोलून नव्यानं बांधलेलं, नवे पिस्टन, नव्या रिंगा, चारशे तास पण झाले नव्हते. ऑइल पीत होतं आणि एक्झॉस्टमधून निळा धूर. मालक संतापलेला, त्याची खात्री होती की पार्ट डुप्लिकेट घातलेत. मी आधी एअर क्लीनर ते टर्बो हा रबरी होज काढला. वरून एकदम चांगला, काळा, चकचकीत. उलटा केला. खालच्या बाजूला, जिथं क्लॅम्पची कड बसते तिथं, तांदळाच्या दाण्याएवढी चीर. दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर ती उघडली, सोडल्यावर मिटली. आतून पांढरं फडकं फिरवलं तर चिरीपासून टर्बोच्या तोंडापर्यंत तांबूस-करड्या रंगाचा पट्टा उमटला, बोटभर रुंद. टॉर्च मारून टर्बोचं कॉम्प्रेसर व्हील बघितलं. पात्यांच्या कडा धारदार असतात, त्या वापरून झिजलेल्या विळ्यासारख्या गोल झाल्या होत्या. मालकाला ते फडकं दाखवलं. तो बराच वेळ बोलला नाही.

होतं काय, की धूळ सिलिंडरमध्ये जाऊन ऑइलमध्ये मिसळते. धूळ आणि ऑइल म्हणजे आम्ही व्हॉल्व्ह घासायला वापरतो ती ग्राइंडिंग पेस्ट. वरची रिंग आणि बोअरचा वरचा भाग आधी जातो, मग तेच ऑइल खाली उतरून बेरिंग खातं. होज नवा आठशे-हजार रुपयांचा, इंजिनाचं काम लाखात. दोन्ही खर्च एकाच माणसाच्या खिशातून गेले म्हणून मला ते मशीन अजून आठवतं.

फिल्टरचंही तसंच. क्रशरवर फिल्टर साफ करायची रीत म्हणजे तो ट्रॅकवर आपटायचा आणि कॉम्प्रेसरची नळी फुल दाबानं मारायची. आपटून टोकाचा सील वाकडा होतो, दाबानं कागदाला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. वाईट म्हणजे असा फिल्टर हवा छान सोडतो. मग ऑपरेटरला वाटतं, गाडीला दम आला. हवा मारायचीच असेल तर आतून बाहेर, हलक्या दाबानं, दोन बारच्या आत, आणि तीही एक-दोनदाच. मग अंधारात फिल्टरच्या आत टॉर्च धरून बघायचं. कुठंही उजेडाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर गेला. आतला छोटा सेफ्टी फिल्टर कधीच साफ करायचा नाही, तो बदलायचाच. आणि क्लीनरच्या खाली रबराची चोच असते ना, धूळ टाकणारी, ती बहुतेक मशीनवर तुटलेली किंवा चिखलानं बंद असते. रोज सकाळी ती दोन बोटांनी दाबायची. फुकटचं काम आहे.

चिऱ्याची धूळ दगडाच्या भुकटीपेक्षा मऊ दिसते, पण ती फार बारीक असते आणि कुठंही शिरते. म्हणजे हुक्केरीहून खानापूरला आणल्यानं इंजिनाची सुटका होणार नाही, हे धरून चाला.

काकांच्या टर्बोकडं येतो. त्यांची भीती मला समजते, कारण टर्बो जातो तेव्हा मोठा आवाज करून, भरपूर धूर काढून जातो. पण टर्बो बहुधा स्वतःहून जात नाही, त्याला कुणीतरी घालवलेलं असतं. त्याच्या एका बाजूला एक्झॉस्टचा वायू, लोडवर सहाशे अंशांच्या वर तापलेला. दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. मधला शाफ्ट मिनिटाला लाखभर फेऱ्यांपर्यंत जातो आणि तो बॉल बेरिंगवर नसतो, ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. दिवसभर बकेट मारून ऑपरेटरनं मशीन कडेला घेतलं आणि लगेच किल्ली फिरवली, तर ऑइल पंप थांबतो आणि शाफ्ट फिरतच राहतो. तापलेल्या घरात अडकलेलं ऑइल जळून कोळसा होतो. रोज थोडा थोडा. कामानंतर तीन ते पाच मिनिटं आयडलवर चालवा, मग बंद करा. सकाळी सुरू केल्यावर ऑइलचा दाब आला की अर्धा मिनिट थांबा, मगच रेस द्या. एवढं सांभाळलं तर टर्बो इंजिनाच्या बरोबरीनं चालतो. याच्या उलट टोकही आहे. अर्धा-अर्धा तास आयडलवर सोडून डबा खायला जाणं. त्यात इंजिन थंड चालतं, डिझेल पूर्ण जळत नाही आणि ऑइल खराब होतं.

माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण तीच चूक आजही अनेक गॅरेजमध्ये होते. नवीन होतो, पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. टर्बो बदलायचं काम आलं. नवा टर्बो बसवताना खालच्या ऑइल रिटर्नच्या फ्लँजला गळती नको म्हणून गॅसकेटवर सिलिकॉन पेस्ट जरा सढळ लावली. दुसऱ्या दिवशी टर्बो दोन्ही बाजूंनी ऑइल फेकायला लागला. टर्बो खराब निघाला म्हणून मी तो परत पाठवायच्या बेतात होतो. माझ्या उस्तादांनी काही न बोलता रिटर्न पाइप काढून हातात दिला. आत करंगळीएवढं सिलिकॉन पिळून जमलं होतं. टर्बोमधून परत येणारं ऑइल नुसत्या उतारानं खाली येतं, मागून दाब नसतो. वाट अर्धी अडली तरी ऑइल तुंबतं आणि सीलमधून बाहेर पडतं. टर्बो निर्दोष होता. तेव्हापासून त्या फ्लँजला मी नुसतं गॅसकेट लावतो, आणि टर्बो ऑइल टाकतोय म्हणून गाडी आली की आधी रिटर्न पाइप आणि ब्रीदर (इंजिनातला वायू बाहेर सोडणारी नळी) बघतो. तुम्हालाही कुणी ‘टर्बो गेला, नवा घाला’ म्हणालं तर जुना का गेला हे आधी विचारा. नाहीतर नवाही त्याच वाटेनं जाईल.

या इंजिनात एक दोष जन्माचा आहे आणि तो विकणारा सांगणार नाही, कदाचित त्याला माहीतही नसेल. पुढच्या बाजूला गिअर हाउसिंग ब्लॉकला बरोबर जागी बसावं म्हणून स्टीलची एक छोटी पिन असते. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी ती सरकत सरकत बाहेर येऊ शकते. बाहेर पडली तर नशीब असेल तर ऑइल चेंबरमध्ये जाते. नसेल तर टायमिंग गिअरमध्ये अडकते, आणि मग हाउसिंग फुटतं किंवा गिअरचे दात जातात. उपाय फार सोपा आहे. पुढचं कव्हर काढायचं, पिन परत ठोकायची, शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी अशी धरायची की पिन पुढं येऊ शकणार नाही. दिवसाचं काम. पुढचा क्रँक सील बदलायला कव्हर उघडलंच तर हे त्याच वेळी करून घ्या. पूर्वी कुणी केलंय का हे मालकाला विचारा. उत्तर आलं नाही तर केलेलं नाही असंच धरा.

गरम होण्याबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो, थर्मोस्टॅटची. उन्हाळ्यात गाडी तापली की आपल्याकडं पहिलं काम म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणं. या इंजिनात ते उलटं पडतं. गरम झाल्यावर थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, बरंचसं पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात फिरत राहतं. म्हणजे सकाळी इंजिन थंड चालणार आणि दुपारी लोडवर जास्तच तापणार. दोन-चारदा असं तापलं की हेडला व्हॉल्व्हच्या मध्ये तडा जातो. थर्मोस्टॅट आहे का हे बघाच. पाण्याच्या जागी कूलंट हवं. बोअरवेलचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतलेलं असेल तर रेडिएटरच्या टोपीखाली पांढरा थर दिसेल. उसाच्या सीझनला शेतात चाललेलं मशीन असेल तर रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा भुगा आणि ऑइल मिळून जणू नमदाच तयार झालेला असतो. तो वरून पाणी मारून निघत नाही, रेडिएटर खाली घ्यावा लागतो.

डिझेल आणि ऑइलचं थोडक्यात. जुन्या मेकॅनिकल नोझलचा दाब २५० बारच्या आसपास असतो, ती थोडी घाण सोसते. म्हणून बॅरलमधून नळीनं डिझेल ओढणाऱ्या खाणीवर हेच इंजिन टिकतं. तरी बॅरल आणल्यावर एक दिवस स्थिर ठेवा, तळाचं चार बोटं डिझेल घेऊ नका. पावसाळ्यात टाकी संध्याकाळीच भरून ठेवा, रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं. वॉटर सेपरेटर रोज सोडा. खानापूरचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. ऑइल १५डब्ल्यू-४०, सीआय-४ किंवा वरचं, अडीचशे तासांना फिल्टरसकट बदला. एप्रिल २०२० पासून देशभर दहा पीपीएम गंधकाचं डिझेल आलं, त्यानं ऑइलवरचा एक ताप कमी झाला. पण धूळ आणि काजळी तेवढीच आहे, त्यामुळे तास वाढवू नका.

चाकांचं नवीन मशीन घ्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम मशीनना एप्रिल २०२१ पासून धुराचे कडक नियम, स्टेज फोर, लागू झाले होते. अशा नव्या मशीनांतल्या कॉमन रेल, म्हणजे सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्सवर डिझेल सोडणाऱ्या, इंजिनात दाब हजार बारच्या कितीतरी पुढं जातो. डिझेल कमी पितात, धूर नाही, ताकद चांगली. मला ती इंजिनं आवडतात. पण बॅरलचं डिझेल त्यांना चालत नाही, आणि सेन्सर बिघडला तर झाडाखाली बसून काही करता येत नाही. तुमची खाण डांबरी रस्त्यापासून आत आहे, एकच मशीन असणार, ते बंद म्हणजे धंदा बंद. तुमच्या जागी मी आज तरी जुनं मेकॅनिकलच घेईन.

फक्त तपासून. मालकाला सांगून ठेवा, मी यायच्या आधी सुरू करू नका. गेल्या गेल्या ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर चहा प्या, गावात दोन कामं करा आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावर परत या. पहिल्या स्टार्टचा धूर बघा. पांढरा मिनिटभरात गेला पाहिजे, निळा राहता कामा नये. गरम झाल्यावर ऑइलची टोपी काढून भोकावर उलटी ठेवा. हलकी थरथरली तर ठीक, उडून पडली तर रिंगा गेल्यात. मीटरवर विश्वास ठेवू नका, त्याची वायर काढायला एक मिनिट लागतं. पॅडलचं रबर, लिव्हरच्या मुठी, बकेटच्या पिना, ट्रॅकच्या स्प्रॉकेटचे दात बघा, ते खरे तास सांगतात. इंजिन बंद करून गार झाल्यावर टर्बोचा शाफ्ट दोन बोटांत धरून हलवा. आडवा किंचित हलला तर चालतं, पण पातं घराला टेकता कामा नये. पुढं-मागं हललेलं हाताला कळलं तर टर्बो संपलाय, तेवढे पैसे किमतीतून कापा.

जाताना पांढरं फडकं, टॉर्च आणि क्लॅम्प खोलायला स्क्रू ड्रायव्हर न्या. होज काढा, उलटा करा, अंगठ्यांनी दाबून बघा, आतून फडकं फिरवा. स्वच्छ निघालं तर साडेसात हजार तासांनाही मी ते मशीन घेईन. तांबूस किंवा करडा पट्टा आला तर फुल इंजिनाचा खर्च धरूनच भाव करा. आणि मालक होज खोलू देत नसेल तर तिथूनच बस पकडून घरी या.